कोकणातून कोकणात, मार्गे आशिया खंड

सरावलीत चढ नाही. डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला आमचं गाव असं सपाट पसरलंय की इथल्या माणसाच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं गिर्यारोहण म्हणजे स्टेशनचा पादचारी पूल. तो चढून झाला की वर घटकाभर थांबायचं, कठड्याला टेकायचं, 'वारा बरा सुटलाय' म्हणायचं आणि फलाटाला लागलेली गाडी दिसली की धावत सुटायचं. २०१३ च्या एप्रिलात चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत यायला लागली, तेव्हापासून हा व्यायाम रोजचा झाला. एवढ्या भांडवलावर आमच्याकडची मंडळी हल्ली पावसाळा सरला की सह्याद्री सर करायला निघतात.

या खेपेला ठरली सांधण दरी. म्हणजे ग्रुपवर तसा मेसेज आला: 'निसर्गाचा अद्भुत चमत्कार! आशिया खंडातील दुसऱ्या क्रमांकाची दरी! मोजक्याच जागा शिल्लक!' मोजक्याच जागा शेवटपर्यंत शिल्लक राहिल्या, तो भाग वेगळा. पण आशिया खंडाचं नाव काढल्यावर सरावलीकर मागे हटणार थोडाच!

हे आशिया खंड प्रकरण मोठं मजेशीर आहे. सांधणबद्दल कुठेही ऐका, कोणालाही विचारा, ती आशियातली दुसरी. पहिली कोणती, हे सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे. तिबेटात यारलुंग त्सांगपो नदीने पाच हजार मीटरहून खोल दरी कापून ठेवली आहे, नेपाळात काली गंडकी आहे, चीन तर दऱ्यांनी भरलेला आहे. सांधण खोलीला दोनशे-अडीचशे फूट, लांबीला दीड-दोन किलोमीटर. आता हा दुसरा नंबर तिला कोणी आणि कोणत्या परीक्षेत दिला? मला वाटतं, यात मराठी माणसाचा जुना व्यवहारी शहाणपणा आहे. पहिली म्हटलं की कोणीतरी पुरावा मागतं. दुसरी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस मोजूनमापून बोलतोय, उगाच फुशारक्या मारत नाही. खोटं बोलायचं तर ते असं विनयाने बोलावं.

निघालो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. खरं तर तीनलाच निघायचं होतं. पण बसवाला अर्धा तास बोईसरच्या सरावलीत उभा राहून हॉर्न वाजवत होता. सरावली तीन आहेत: एक आमची, एक बोईसरची आणि एक भिवंडीची. तो भिवंडीला गेला नाही, यातच सगळ्यांनी समाधान मानलं. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका मात्र गाडीत चढता चढता ड्रायव्हरला म्हणाले, "बाबा रे, पिनकोड कशासाठी असतो?"

बसमध्ये सामानाची रास होती. आमचे शेजारी शेठ चिकूचे व्यापारी. त्यांनी चार डबे थेपले आणि घोलवडच्या चिकूंची एक पिशवी आणली होती. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून शेठ पिशवी उघडण्यापूर्वी ही माहिती सांगतात आणि मग एकेकाच्या हातावर एकेक मानांकित चिकू ठेवतात. लीडर म्हणून एक उत्साही तरुण होता. त्याच्या गळ्यात शिट्टी, कमरेला दोर अडकवायच्या कड्या आणि जिभेवर एकच वाक्य: "आता फक्त वीस मिनिटं." हे वाक्य त्याने आशागडला म्हटलं, गंजाडला म्हटलं आणि थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत म्हणत राहिला. गंजाड म्हणजे जिव्या सोमा मशे यांचं गाव. वारली चित्रांना जगभर नेणारे आणि २०११ साली पद्मश्री मिळालेले मशे आयुष्यभर तांदळाच्या पिठाने माणसं, झाडं आणि डोंगर काढत राहिले. त्यांचे डोंगर त्रिकोणी आणि नेटके असतात. आम्ही ज्या डोंगरांकडे निघालो होतो त्यांना कोणी असं नीट आखलेलं नव्हतं.

चारोटीला महालक्ष्मीला हात जोडले. विवळवेढ्याच्या या देवीचं मूळ ठाणं वर मुसळ्या डोंगरावर. एक गरोदर बाई दर्शनाला चढताना मूर्च्छा येऊन पडली, तेव्हा देवीला दया आली आणि भक्तांसाठी ती पायथ्याला येऊन राहिली, अशी कथा आमच्याकडे सांगतात. चैत्री पौर्णिमेच्या जत्रेत जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून आलेला ध्वज घेऊन वाघाडीचा पुजारी मध्यरात्री तो सुळका चढतो, बाकी लाखो माणसं खालीच. चढाई सगळ्यांच्या वाट्याची नसते हे देवीला कळलं. आमच्या लीडरला ते कळायला अजून अवकाश होता.

पुढे कासा, जव्हार, मोखाडा, खोडाळा. जव्हारला चहा झाला. खोडाळ्यानंतरच्या वळणांत ज्यांनी चहाबरोबर थेपलेही घेतले होते त्यांच्यासाठी बस दोनदा थांबली. घोटीला महामार्ग लागला, बारीला लीडरने "उजवीकडे कळसूबाई, १६४६ मीटर" अशी घोषणा केली आणि सगळ्यांनी उजवीकडच्या एका हॉटेलाच्या पाटीकडे आदराने पाहिलं. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ सालचं, जुन्या घडणीच्या दगडांत उभं आहे आणि पाहण्यासारखं आहे. पण आमच्यातल्या निम्म्या लोकांना तोपर्यंत झोप लागली होती. घाटघरच्या बाजूने सामरदला पोचलो तेव्हा सामानासकट उतरलेल्या त्या मंडळींकडे बघून वाटलं असतं, हे लोक चालूनच आलेत.

सामरद हे अकोले तालुक्याच्या अगदी कडेला असलेलं गाव. घरं थोडी, भोवती भातखाचरं, आणि गाव संपतं तिथे महाराष्ट्राचं घाटमाथ्यावरचं अंगणच संपतं. पलीकडे एकदम कोकण. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. ट्रेकवाल्यांची राहायची-जेवायची सोय गावातली घरंच करतात. मे महिन्याच्या शेवटाला काजवे चमकायला लागले की इथे शहरातून एवढ्या गाड्या येतात की त्यांच्या दिव्यांमुळे काजवे दिसत नाहीत.

आम्ही ज्या घरात उतरलो तिथल्या मावशी चुलीवर नाचणीच्या भाकऱ्या थापत होत्या. हे दृश्य पाहताच आमच्या मंडळींत आनंदाची लाट उसळली. फोन बाहेर आले. आमच्याबरोबर आलेल्या एका जावईबापूंनी चुलीचा धूर टिपण्यासाठी दोनदा फुंकर मारायला लावली. एक ताई भारावून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही अजूनही चुलीवर करता! किती छान!"

मावशींनी वर न बघता भाकरी उलटली. "गॅस संपलाय, ताई. सिलेंडर परवा येनार हाये."

पण आनंदाला तडा गेला नाही. भाकरी, पिठलं, ठेचा, वाफाळता भात असं पानात आलं आणि थेप्यांचा मान राखण्यासाठी ज्यांनी 'थोडंच वाढा' म्हटलं होतं त्यांनी तो मान गुंडाळून ठेवला. शेठनी हात धुता धुता भाताची चौकशी केली, "ऑर्गॅनिक असेल ना?" घरातले बाबा म्हणाले, "युरिया टाकलाय की. मिळाला तेवढा टाकला." शेठ गप्प झाले, पण त्यांनी भात तिसऱ्यांदा घेतला.

जेवणं झाल्यावर बाबा ओट्यावर येऊन बसले. कुठले, काय, विचारपूस झाली. डहाणू म्हटल्यावर त्यांनी थोडा विचार केला.

"म्हंजी समिंदराकडचं?"

"हो, अगदी समुद्राजवळ."

"मग हितं काय बघाया आलात?"

या प्रश्नाला आमच्यातल्या पंचवीस सुशिक्षित माणसांकडे उत्तर नव्हतं. एकाने 'निसर्ग' असं चाचरत म्हटलं. बाबांनी मान हलवली आणि विचारलं, समुद्राचं पाणी रोज खरंच पुढे-मागे होतं का. पोस्टातले काका म्हणाले, "होतं. असं ऐकतो." काकांना समुद्र घरापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. शेवटचे ते तिथे कधी गेले हे त्यांनाच आठवत नव्हतं. बहुधा गणपती बोळवायला.

बाबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर भूगोलात आहे आणि ते थोडं लाजिरवाणं आहे. पालघर जिल्हा म्हणजे उत्तर कोकण. आम्ही कोकणातली माणसं. भल्या पहाटे उठून, घाट चढून, वळसा घालून, नाशिक जिल्हा पार करून अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकाला आम्ही येतो ते कशासाठी? तर कड्याच्या टोकावर उभं राहून खाली बघायला. आणि खाली काय असतं? कोकण. आपण सकाळी जे सोडून आलो तेच, फक्त वरून.

पण तेही दिसलं तर ना! सकाळी सहाला लीडरने शिट्टी वाजवून सगळ्यांना कड्यावर नेलं, तेव्हा समोर धुकं होतं. धुकं म्हणजे कवितेतलं विरळ वगैरे नव्हे. पुढच्या माणसाची पाठपिशवी दिसत होती, माणूस नव्हता. गावातला वाटाड्या दादा सराईतपणे कड्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने पांढऱ्या भिंतीकडे बोट केलं.

"ह्यो अलंग. त्याच्या बाजूला मदन. पल्याड कुलंग. मागं रतनगड, त्याचं नेढं हितून बरोब्बर दिसतं. आन् ह्यो आजोबा."

"वा!" आम्ही म्हणालो.

"कोणता आजोबा?" एक लहान मुलगी म्हणाली. तिच्या आईने तिला हळूच दटावलं. मोठी माणसं न दिसणाऱ्या गोष्टींना 'वा' म्हणत असताना मध्ये बोलायचं नसतं. जावईबापूंनी पाची दिशांना वळून पाच फोटो काढले. ते पुढे ग्रुपवर आले तेव्हा पाचही सारखेच पांढरे होते. मात्र प्रत्येकाखाली किल्ल्याचं नाव होतं, आणि कुलंगच्या फोटोला सर्वांत जास्त अंगठे मिळाले. शेठनी वाटाड्याला विचारलं, "डहाणू कुठल्या अंगाला?" त्याने वायव्येकडे अदमासे बोट केलं. शेठ बराच वेळ तिकडे बघत उभे राहिले. दुकान उघडलं असेल का, एवढीच काळजी त्यांच्या चेहऱ्यावर होती.

माझं मत विचाराल तर धुक्यासारखा यजमान नाही. ऊन असतं तर दृश्याची तुलना झाली असती, कोणीतरी 'हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा याच्याहून भारी' असं म्हणालं असतं, कोणीतरी माथेरान काढलं असतं. धुक्यात प्रत्येकाने आपल्याला परवडेल एवढा सह्याद्री पाहिला आणि सगळे खूश होते.

नऊच्या सुमाराला धुकं वितळायला लागलं आणि आम्ही घळीत उतरलो. इथे मात्र थट्टा थोडी बाजूला ठेवतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक. त्याला उभी भेग गेली आणि पावसाच्या पाण्याने ती खरवडून खरवडून रुंद केली. दोन्ही बाजूंना सरळसोट काळ्या भिंती, वर आभाळाची अरुंद पट्टी, खाली नुसत्या शिळांचा खच. काही जागी दोन हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं टेकतात. दगड गार, ओला, आणि हाताला बारीक खरखरीत लागतो. ऊन या तळाला दिवसातून जेमतेम पोचतं. पहिल्या शंभर पावलांत आमची सगळी पंचवीस माणसं एकदम गप्प झाली. सरावलीकर गप्प होणं हा आशियातला दुसऱ्या क्रमांकाचा चमत्कार.

मग पाण्याचा पहिला डोह आला आणि वाचा परत आली. पाणी गुडघाभर, असं लीडरने सांगितलं होतं. काकांनी विश्वासाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चौकोनी घड्या घालून, पोस्टात पाकिटं बांधावीत तशी. तिसऱ्या पावलाला पाणी मांडीला लागलं, सहाव्याला कमरेला. काका थांबले नाहीत, वळले नाहीत. फक्त शर्टाच्या खिशातला पेन्शनचा कागद काढून त्यांनी डोक्यावरच्या टोपीत घातला आणि पुढे निघाले. मागून जावईबापू पिशवी डोक्यावर, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दातांत धरून येत होते. ते काहीतरी ओरडत होते. पण दातांत पिशवी असल्याने कळलं नाही. नंतर समजलं, ते 'फोटो काढा' म्हणत होते.

अरुंद जागी माणसं अडकतात. शनिवार-रविवारी सांधणमध्ये पुण्याचे, मुंबईचे, नाशिकचे गट एकामागे एक येतात आणि दगडांच्या मधल्या फटीत अशी कोंडी होते की पुढचा हलल्याशिवाय मागच्याला पाय टाकता येत नाही. इथे मात्र आमची मंडळी चमकली. ज्याने वर्षानुवर्षं विरारला उतरायचं आहे हे वसईपासून मनाशी ठरवून दाराकडे सरकण्याची विद्या साधली आहे, त्याला सांधणची फट काय अडवणार! 'पुढे उतरणार का?' असं विचारत, खांदा आडवा करत, पिशवी पोटाशी घेत आमची माणसं पुण्याच्या दोन गटांना ओलांडून पुढे निघून गेली. ते बिचारे अजून जागा व्हायची वाट बघत होते.

अर्ध्या वाटेवर एका ताईंच्या बुटाचा तळ निघाला. चांगले महागाचे ट्रेकिंगचे बूट. दोन वर्षं कपाटात जपून ठेवलेले. असे बूट न वापरता ठेवले की आतला डिंक आपोआप मरतो, आणि ते नेमकं अशाच ठिकाणी कळतं. तळ जिभेसारखा लोंबायला लागला. वाटाड्या दादा पुढे आला. त्याच्या स्वतःच्या पायात बाजारातले साधे प्लास्टिकचे बूट. त्याने खिशातून सुतळी काढली, बूट हातात घेतला, तळ दाबून बसवला, सुतळीचे दोन वेढे चवड्यावर आणि एक घोट्यामागून असा फिरवला आणि दाताने टोक तोडलं. सगळं मिनिटभरात. वर म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तरी बांधाय लागत्यात. म्हून सुतळी ठेवतो." ताईंनी पैसे देऊ केले; त्याने सुतळीचे घेतले नाहीत.

पुढे घळ एका कड्याशी येऊन तुटते. इथून परत फिरायचं किंवा दोराला लटकून चाळीस-पन्नास फूट खाली उतरायचं. शेठसह निम्मे लोक परत फिरले. त्यांना मावशींच्या हातची दुसरी पंगत खुणावत होती. काका दोराला लटकले. कोणी आग्रह केला नव्हता. खाली पोचल्यावर ते म्हणाले, त्यांना वाटलं होतं की ही रांग परत जायची आहे.

खालची वाट लांब आहे. मोठमोठ्या शिळांवरून, बुडावर घसरत, झाडीतून डेहण्यापर्यंत. सामरदची माणसं पूर्वी करोळीच्या घाटाने हेच अंतर बाजारहाटासाठी उतरायची आणि ओझं घेऊन परत चढायची. आम्ही ओझं न घेता उतरलो तरी सूर्य मावळला. 'फक्त वीस मिनिटं' हे लीडर म्हणाला तेव्हा त्याला कोणी उत्तर देईना. डेहण्यात एका दुकानाच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ता. शहापूर, जि. ठाणे.

काका पाटीसमोर उभे राहिले. पिनकोड शोधत असावेत.

"अरे," ते म्हणाले, "हा तर आपला जिल्हा."

खोटं नव्हतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणजे दोन दिवस, तीन जिल्हे, अनेक घाट, दोन उलट्या, एक फाटका बूट आणि आशिया खंडातली दुसऱ्या क्रमांकाची दरी एवढं सगळं पार करून आम्ही आमच्याच जुन्या जिल्ह्यात, कोकणातच उतरलो होतो. काकांनी चाळीस वर्षं पत्रं योग्य जागी पोचवली होती. पत्ता ओळखण्यात त्यांची चूक होणं शक्य नव्हतं.

तेव्हा जायचं असेल तर जरूर जा. पण जून ते ऑक्टोबर घळीत उतरू नका. वर कुठे पाऊस पडला तर खाली पाणी लोंढ्याने येतं आणि त्या भिंतींमध्ये पळायला जागा नसते. दोराने उतरायचं असेल तर ते काम जाणकाराच्या हाती द्या. गावातला वाटाड्या घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. वेष्टनं, बाटल्या घळीत टाकू नका, तिथे झाडू मारायला कोणी उतरत नाही. आणि जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवा. दळण जवळपास होत नाही, आणि सिलेंडर परवा येणार असतो.